विद्युतवाहकातील प्रभारवाहकांची हालचाल

धातूच्या तारेत प्रभार वाहून नेतात ते मुक्त इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये ते सुमारे ८.५ × १० चा २८वा घात इतके असतात. विभवांतर (व्होल्टेज) नसतानाही ते सेकंदाला सुमारे १,६०० किमी वेगाने धावत असतात, पण सैरावैरा. म्हणून धारा (करंट) शून्य. विभवांतर मिळाले की या धावपळीला एका बाजूचा किंचित कल येतो. या कलाचा वेग काढण्यासाठी धारेला इलेक्ट्रॉनांची घनता, तारेचे काटछेदी क्षेत्रफळ आणि एका इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या गुणाकाराने भागतात.

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यातली ५ एचपीची थ्री-फेज मोटार पूर्ण भारावर साधारण ७.५ अँपिअर घेते. ४ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये कलाचा वेग येतो सेकंदाला ०.१४ मिमी. या चालीने डीपीपासून (रोहित्रापासून) ३०० मीटरवरची विहीर गाठायला पंचवीस दिवस लागतील. त्यात लाइट एसी (सतत दिशा बदलणारी), म्हणजे इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जागच्या जागी पुढे-मागे हलतो. बटण दाबताच मोटार फिरते ती विद्युतक्षेत्र सेकंदाला लाखभर किमीहून अधिक वेगाने पसरते म्हणून. ठिबकच्या भरलेल्या नळीची उपमा देतात (एका टोकाला पाणी ढकलले की दुसऱ्या टोकातून लगेच येते), ती कामापुरती ठीक. पण नळी रिकामी होऊ शकते, तार कधीच होत नाही.

थरथरणाऱ्या अणूंमुळे आणि धातूतल्या अशुद्धीमुळे इलेक्ट्रॉनांची वाट मोडते, तोच रोध. तापमान अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वरच्या केबलमध्ये २० अंशांना साधारण १७ व्होल्ट वाटेतच पडतात, म्हणजे मोटारीला तेवढे कमी मिळतात. भुसावळच्या मे महिन्यात भारावरची केबल ७० अंशांवर गेली तर २०. व्होल्टेज उतरले की तेवढेच पाणी उपसायला मोटार जास्त धारा ओढते आणि वाइंडिंग तापते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या १.६ पट, त्यामुळे ४ चौरस मिमीच्या जागी ६ ची ॲल्युमिनियम केबल थोडी कमी पडते. १० ची घ्यावी. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर विद्युतरोधक असतो. सांधा ढिला राहिला तर सगळी धारा मोजक्या ठिपक्यांतून जाते आणि स्टार्टरचे टर्मिनल काळे पडते. टोक घासून बायमेटल थिंबल (ॲल्युमिनियम आणि तांबे जोडणारी टोपी) दाबून बसवणे हाच इलाज. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे नव्हे.

मातीत इलेक्ट्रॉन नव्हे, ओलीत विरघळलेल्या क्षारांचे आयन धारा वाहतात. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. मग विजेची गळती झाली तरी फ्यूज उडण्याइतकी धारा जमिनीत जात नाही आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात तो ओल आणि आयन टिकावेत म्हणून. मीठ कोरडे पडले तर निरुपयोगी, तेव्हा एप्रिल-मेमध्ये तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते.