मुंबई विद्यापीठ: परीक्षा घेणाऱ्या संस्थेत संशोधन आले कसे?

मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले जुने आवार दोन इमारतींभोवती उभे आहे. एक पदवीदानाचे सभागृह आणि दुसरे ग्रंथालय. ग्रंथालयाच्याच दर्शनी भागावर राजाबाई टॉवर आहे. शिकवण्यासाठी म्हणून वेगळी इमारत तेव्हा कोणी बांधली नाही, कारण त्या विद्यापीठाने शिकवावे अशी अपेक्षाच नव्हती. विद्यापीठाचा पुढचा सगळा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

१८५४ साली ब्रिटिश सरकारातले मंत्री चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यावरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम कॉलेजांचे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज आणि ग्रँट मेडिकल कॉलेज आधीपासून होतीच, पुण्यातही कॉलेज होते. त्यामुळे अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षक नेमणे, निकाल लावणे आणि पदवी देणे एवढीच कामे विद्यापीठाकडे आली. खर्चही कमी. परीक्षा टाऊन हॉलमध्ये होत. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला बसलेल्यांपैकी जेमतेम वीस-बावीस जण उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते.

विद्यापीठाला स्वतःचे घर मिळाले ते कापसाच्या पैशातून. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले आणि शहरात अफाट पैसा आला. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख दिले. टॉवरला आईचे नाव हवे, एवढी त्यांची इच्छा. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि प्रेमचंदांसकट शहरातले कितीतरी सावकार बुडाले. देणग्या मात्र आधीच विद्यापीठाकडे पोचल्या होत्या. आराखडे केले ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ मध्ये आणि टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. तिथे जाण्याची संधी मिळाली तर आवर्जून मान वर करून बघा.

त्या काळात विद्यापीठाचा पसारा सिंधपासून धारवाडपर्यंत होता. कराची, अहमदाबाद, पुणे इथली कॉलेजे एकाच प्रश्नपत्रिकेला बसत. परीक्षेत जे आहे तेच शिकवायचे, ही सवय तेव्हाच रुजली. तिचा सर्वांत मोठा फटका मराठीला बसला. १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. परीक्षेतून गेलेली भाषा कॉलेजच्या वर्गातूनही गेली. ती परत आणण्यासाठी रानडे यांनी सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेत, वर्षानुवर्षे झगडा केला. स्त्रियांना पदवी परीक्षांची दारे १८८३ मध्ये उघडली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री ठरल्या. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले.

लंडनने स्वतः १८९८ च्या कायद्याने आपली पद्धत बदलली आणि अध्यापन हाती घेतले. भारतात ती मुभा १९०४ च्या कायद्याने मिळाली: विद्यापीठाने प्राध्यापक नेमावेत, प्रयोगशाळा काढाव्यात, संशोधन करावे. मुभा मिळाली, पण तरतूद कुठून करायची? मुंबईत विद्यापीठाचा स्वतःचा मोठा अध्यापन विभाग निघायला १९१९ उजाडले. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या या विभागात समाजशास्त्राची जबाबदारी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती. १९२४ मध्ये ती गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांनी विद्यार्थ्यांना थेट गावांत, जातींत, कुटुंबांत कामाला लावले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही मंडळी याच विभागातून घडली. भारतीय समाजशास्त्राचा पाया इथे घातला गेला असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. शहरातल्या कापड गिरण्यांना रंगाई आणि प्रक्रियेचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती, आणि तो विभाग त्या गरजेतून उभा राहिला. १९४३ मध्ये तो माटुंग्याला गेला.

स्वातंत्र्यानंतर पसारा आवरला. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदा ही विद्यापीठे अस्तित्वात आली आणि १९५३ च्या कायद्याने मुंबईची हद्द बृहन्मुंबईपुरती ठरली. शहराएवढेच विद्यापीठ, कॉलेजे हाताच्या अंतरावर. अध्यापन आणि संशोधन वाढवायला याहून चांगली संधी आली नसती. १९७१ मध्ये विभाग कलिन्याला हलू लागले. विद्यानगरी हे आवार सुमारे २३० एकरांचे. पण १९७४ च्या कायद्याने ठाणे आणि कोकण पुन्हा जोडले गेले. आज मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे आणि आठशेहून अधिक संलग्न महाविद्यालये या विद्यापीठाखाली येतात. १९९६ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले, कामाचे स्वरूप तेच राहिले.

परीक्षेचे ओझे किती वाढले होते ते २०१७ मध्ये सगळ्यांनी पाहिले. २०११-१२ पासून श्रेयांक (क्रेडिट) आणि सत्र पद्धत आली, म्हणजे वर्षाला एक परीक्षा होती तिथे दोन झाल्या. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचे ठरले. पद्धत कागदावर सोपी होती: उत्तरपत्रिकेवर बारकोड, मग स्कॅनिंग, मग शिक्षकाने लॉग-इन करून गुण द्यायचे, बेरीज यंत्र करणार. पण या कामाचे कंत्राट परीक्षा सुरू झाल्यानंतर दिले गेले. स्कॅनिंग झाल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही, त्यामुळे पहिल्याच टप्प्यावर गठ्ठे साचले. पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकेशी जुळेनात, शिक्षकांना सराव नव्हता. कायद्याने निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवेत. ते सप्टेंबरपर्यंत लांबले. परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांचे त्यात अतोनात नुकसान झाले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. नवी पद्धत आधी एखाद्या छोट्या शाखेवर चालवून बघायला हवी होती.

गेल्या काही दशकांत विद्यापीठाच्या नामांकित शाखाही वेगळ्या होत गेल्या. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ निघाले. ज्यांच्या परीक्षा घेण्यासाठी विद्यापीठ जन्मले, त्यातलेच एल्फिन्स्टन आता त्याच्या कक्षेत नाही.

२०२१ मध्ये उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने विद्यापीठाला ए++ दर्जा दिला, चारपैकी ३.६५ गुणांसह. त्यात विभागांच्या संशोधनाचा वाटा आहे. पण संशोधन किती वाढेल याचे साधे गणित प्राध्यापकांच्या संख्येत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर त्या विभागाच्या आठ जागा जातात, आणि त्यांना गळती निवृत्तीच्या तीन वर्षे आधीपासूनच लागलेली असते. पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्याने प्रवेश परीक्षेच्या तयारीइतकेच लक्ष आपल्या विभागात किती मार्गदर्शक आहेत, त्यांच्याकडे किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यांची सेवा किती उरली आहे, याकडे द्यावे.