वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे

माझी आत्या खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला राहते. मलप्रभा उगम पावते तो हा भाग. पावसाळ्यात इथं समोरचं घर दिसत नाही आणि मोबाइलची रेंज मिळते ती फक्त मागच्या चढावर, फणसाखाली. घरात फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा मी तिच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करायला बसलो. ती म्हणाली, "कशाला रे? व्हॉट्सॲपवर बोलतोय नव्हं आपण?"

असं वाटणं साहजिक आहे. दोन्हीकडे आवाजाचे बारीक तुकडे होतात, बहुधा सेकंदाला ५०, आणि ते इंटरनेटवरून जातात. जुन्या तांब्याच्या तारेवर बोलणं संपेपर्यंत अख्खी वाट तुमच्यासाठी राखलेली असायची. इथं वाट सगळ्यांची, म्हणून तुकडा उशिरा पोचला की आवाज तुटतो. हे दुखणं दोघांनाही सारखंच. फरक आहे तो तुकडे जातात कुठं यात.

व्हॉट्सॲप कॉल ॲपमधून ॲपमध्ये जातो. समोरच्याकडे तेच ॲप हवं आणि त्याचं नेट चालू हवं. तुमचा नंबर तिथं नुसता ओळखीपुरता. सिमच्या कंपनीच्या लेखी तो फोन नव्हेच, साधा डेटा.

वायफाय कॉलिंगमध्ये मात्र फोन घरच्या वायफायवरून थेट सिमच्या कंपनीपर्यंत एक बंदिस्त वाट काढतो. कंपनीसाठी तुमचं वायफाय म्हणजे जणू तिचाच टॉवर. तिथून पुढं कॉल नेहमीसारखा जातो, मग समोर बटणाचा फोन असो की बेळगावातला ०८३१चा लँडलाइन. नंबर नेहमीच्याच जागेवरून लावायचा, मिनिटं नेहमीच्याच रिचार्जमधली. सीमेवरच्या गावांत फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडायचा आणि घरात बसून रोमिंग लागायचं, ते ज्यांना आठवतं त्यांना टॉवरशिवाय फोन लागण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण मला याहून महत्त्वाचे वाटतात ते येणारे फोन. दवाखाना, बँक, गॅसवाला, नातवाची शाळा, यातलं कोण व्हॉट्सॲपवर फोन करतं? ते नंबर लावतात आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकून ठेवून देतात. बँकेच्या एका ओटीपीसाठी आत्या भर पावसात, निसरड्या वाटेनं फणसाखाली जायची. वायफाय कॉलिंग चालू असलं की बहुतेक फोनवर असे मेसेजही घरातच येतात. पासष्टीच्या बाईचं ते जाणं थांबलं, एवढ्यासाठी तरी ही सोय प्रत्येक घरात असावी असं मला मनापासून वाटतं.

व्हॉट्सॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याच्याशी व्हॉट्सॲपवरच बोलावं. वायफाय कॉलिंगवरून लावला तरी परदेशी नंबरला आयएसडीचे पैसे पडतात. रिचार्ज संपला की वायफाय कॉलिंग बंद होतं, व्हॉट्सॲप वायफायवर चालूच राहतं. मात्र व्हॉट्सॲपवरून ११२ हा आणीबाणीचा नंबर लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

सुरू करणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' असतं. फोन आणि कंपनी दोघांकडे सोय असावी लागते. आपल्याकडे ती २०१९च्या डिसेंबरपासून येऊ लागली. बोलत बोलत अंगणापलीकडं गेलात तर शहरात कॉल टॉवरवर सरकतो. घाटाकडच्या गावात टॉवरच नाही, तिथं तो तुटतो.

आणि लाइट गेली की दोन्ही बंद. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवरच वीज मिळायची, म्हणून अंधारातही तो वाजायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. आत्याच्या राउटरला आणि त्या डब्याला मी छोटी बॅटरी जोडून दिली आहे, ती काही तास निभावते. पावसात लाइट दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा फणसाखालीच जावं लागतं. म्हणून ती वाट आम्ही दर मे महिन्यात साफ करून ठेवतो.