जखमी भटक्या मांजरांची सुटका व पुनर्वसन

मालक नसलेल्या किंवा घर सुटलेल्या जखमी मांजराला सुरक्षितपणे पकडणे, पशुवैद्याकडे पोहोचवणे, बरे होईपर्यंत बंदिस्त जागेत त्याची शुश्रूषा करणे आणि शेवटी त्याला मूळ जागी सोडणे किंवा घर मिळवून देणे, अशा सगळ्या कामांचा यात समावेश होतो. या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. डोळ्यांत भरते ती मोडलेली तंगडी किंवा उघडी जखम. पण जीव धोक्यात येतो तो बहुतेकदा धक्क्याने (शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणे), थंडीने, छातीतल्या माराने आणि पुढे उपासाने. मोडलेले हाड दोन दिवस थांबू शकते, श्वास थांबू शकत नाही.

दुखापतींचे प्रकार : वाहनाची धडक, उंचावरून पडणे, कुत्र्याचा हल्ला, बोक्यांची भांडणे, गळ्यात किंवा पायात रुतलेला दोरा वा तार, भाजणे, आणि उबेसाठी गाडीच्या इंजिनाशेजारी शिरलेल्या मांजराला पट्ट्याने होणारी इजा, ही नेहमीची कारणे. धडकेत जबडा मधोमध दुभंगणे, कटीचे हाड मोडणे, मूत्राशय फुटणे आणि श्वासपटल फाटून पोटातले अवयव छातीत शिरणे हे वारंवार दिसते. उंचावरून पडलेल्या मांजरांबद्दल १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधील १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. या आकड्यावर निर्धास्त होऊ नये, कारण जागीच मेलेली मांजरे दवाखान्यात आणली जात नाहीत. कुत्र्याच्या चाव्यात बाहेर दोन-चार बारीक छिद्रे दिसतात, पण आतले स्नायू आणि कातडीखालचा थर चेचलेला असतो. अशा मांजराला ‘थोडेच लागले आहे’ म्हणून सोडून देणे ही फार महागात पडणारी चूक. बोक्यांच्या भांडणातला चावा वरून लगेच मिटतो आणि दोन ते पाच दिवसांनी तिथे गळू होते. शेपटीचे मूळ, गाल आणि पुढचे पाय या त्याच्या ठरलेल्या जागा.

एक फसवे चित्र ओळखता आले पाहिजे. मागचे दोन्ही पाय लुळे, पंजे गार, मांडीत नाडी लागत नाही आणि मांजर वेदनेने ओरडते आहे, असे असेल तर ते गाडीखाली आलेच असेल असे नाही. हृदयविकारामुळे तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या टोकाशी अडकली तरी असेच होते, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

पकडणे : पाठलाग करू नये. तीन पायांवर पळू शकणारे मांजर एखाद्या सांदीत शिरते आणि तिथेच मरते. चालता न येणाऱ्या मांजराजवळ एकाच माणसाने, वाकून, बाजूने किंवा मागून हळू जावे; जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकून चारही पाय आत राहतील असे गुंडाळावे आणि वरून उघडणाऱ्या पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. कण्याला मार असल्याची शंका असेल तर लाकडी फळी किंवा ताठ पुठ्ठा अंगाखाली सरकवून सपाट उचलावे. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून लोंबकळत उचलण्याची सवय सोडावी. त्याने भीती वाढते आणि छातीला मार असेल तर श्वास आणखी अडतो. हिंडू शकणाऱ्या मांजरासाठी आपोआप दार पडणारा सापळा-पिंजरा वापरतात. आत वासाचे खाणे अगदी मागच्या टोकाला ठेवावे, सापळा सोडून जाऊ नये, आणि दार पडताच तो चादरीने झाकावा. अंधार झाला की धडका मारणारे मांजर बहुधा मिनिटाभरात शांत होते; न झाकलेल्या सापळ्यात ते नाक सोलून घेते.

चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मांजराचे दात सुईसारखे असतात. ते ‘पाश्चुरेला’ जातीचे जंतू खोलवर नेऊन सोडतात आणि हात २४ तासांच्या आत सुजू शकतो. रेबीज असलेल्या प्रदेशात लस टाळणे म्हणजे जिवाशी खेळ. हे काम नेहमी करणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी.

पहिला तास : आधी लांबूनच श्वास मोजावेत. शांत बसलेल्या मांजराचे मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास होतात. ४० च्या वर, पोटाचे भाते चालू असलेला किंवा तोंड उघडून घेतलेला श्वास म्हणजे आणीबाणी; कुत्र्याप्रमाणे मांजर सहसा धापा टाकत नाही. कोपरे अंगापासून लांब ठेवून, मान पुढे ताणून बसलेल्या मांजराला आडवे पाडून तपासू नये, ते तपासतानाच दगावू शकते. हिरड्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. गुदमार्गाचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस हे निरोगी. धक्क्यात गेलेल्या मांजराची ठेवण कुत्र्याहून निराळी आहे : नाडी जलद होण्याऐवजी पुष्कळदा मंदावते, मिनिटाला १४० च्या खाली येते, अंग गार पडते. नाडी संथ म्हणून मांजर सावरले असे मानू नये.

ऊब द्यायची ती हळूहळू. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवावी आणि मांजराला तिच्यापासून सरकायला जागा ठेवावी. हलू न शकणारे मांजर बाटलीला चिकटून भाजते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटे दाबून धरावी, मध्ये उचलून पाहू नये. मोडलेल्या पायाला घरी खपच्या बांधू नयेत. चुकीच्या जागी आवळलेली खपची हाडाचे टोक कातडीबाहेर काढते. अर्धवट शुद्धीतल्या तोंडात पाणी किंवा दूध ओतले तर ते फुफ्फुसात जाते.

जखम धुण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजने धार मारावी. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरायचे तर २ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे ३९ भाग. डोळे आणि कान यांपासून दूर. पोव्हिडोन आयोडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड बरी होणारी पेशीही जाळते. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातली जंतुनाशके आणि टर्पेंटाइन मांजर चाटून पोटात घेते, आणि त्याचे यकृत ती निकामी करू शकत नाही.

माणसाचे कोणतेही वेदनाशामक देऊ नये. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात जवळजवळ नसते. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही मोठ्या मांजराचा जीव घेते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेनही घातक. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसूनाशक मांजराला लावले तर झटके येतात.

अळ्या : माश्यांनी जखमेवर अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या पडतात. आजूबाजूचे केस कापून, बोथट चिमट्याने एकेक अळी काढून पोकळी मिठाच्या पाण्याने धुवावी. अळ्या प्रकाशापासून आत पळतात, त्यामुळे एका बैठकीत काम संपत नाही. १२ तासांनी पुन्हा पाहावे आणि जखमेला दुसरे तोंड आहे का ते शोधावे. आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध अंदाजाने टोचल्यामुळे पिल्ले मेल्याचे प्रकार होतात. मात्रा वजन करून पशुवैद्यानेच ठरवावी.

दवाखान्यात : शस्त्रक्रियेची घाई करण्यापेक्षा २४ ते ४८ तास स्थिर करणे हिताचे, कारण फुफ्फुसाला बसलेला मार पहिल्या दिवसात वाढत जातो आणि फुटलेल्या मूत्राशयाची लक्षणे उशिरा दिसतात. धडकेच्या प्रत्येक मांजराच्या छातीचा एक्स-रे भूल देण्याआधी व्हावा. शेपूट ओढली गेलेली असेल तर लघवीवरचा ताबा तपासावा. महिनाभरात तो परतला नाही तर पुढे परतण्याची आशा थोडी. २४ तास लघवी न केलेल्या मांजराला, विशेषतः बोक्याला, थांबवून ठेवू नये.

शुश्रूषा : मांजराची वेदना आवाजातून क्वचितच कळते. मॉंट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘फेलाइन ग्रिमेस स्केल’ इथे खरी उपयोगाची आहे. कानांची ठेवण, डोळे किती मिटले आहेत, मुस्कटाचा ताण, मिशांचे वळण आणि डोक्याची उंची यांना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. १० पैकी ४ किंवा अधिक झाले तर वेदनाशामक हवे. हे पिंजऱ्याला हात न लावता करता येते.

पिंजऱ्यात लपायला एक खोके असलेच पाहिजे. लपता आले की मांजर खाऊ लागते, ही गोष्ट कितीही किरकोळ वाटली तरी औषधाइतकी मोलाची आहे. वाळूच्या ट्रेचा काठ खुजा, खाणे ट्रेपासून दूर, समोरून चादर. कटीचे हाड मोडलेल्या मांजराला चार ते सहा आठवडे उडी मारता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवावे लागते.

खाणे हा सगळ्यांत नाजूक भाग. विश्रांतीतल्या मांजराची दिवसाची गरज, किलोतले वजन गुणिले ३० अधिक ७०, इतक्या किलोकॅलरी. म्हणजे ३ किलोच्या मांजराला १६०. अनेक दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी यातला चौथा हिस्साच, चार-पाच भागांत द्यावा आणि तीन-चार दिवसांत पूर्णावर यावे. एकदम भरपूर दिले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून मांजर कोसळते. उलट, तीन दिवस अजिबात न खाणाऱ्याच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. खाणे कोमट करून वास वाढवावा. तरीही नाही खाल्ले तर नळीने अन्न देण्याचा निर्णय लवकर घ्यावा. पिल्लाचे अंग ३५ अंशांखाली असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाचे आतडे चालत नाही. पिल्लाला पोटावर ठेवून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या भुकटीचे दूधच पाजावे, गाईच्या दुधाने जुलाब होतात.

बँडेजमधून दोन मधली बोटे बाहेर ठेवतात. ती फाकली, सुजली किंवा गार लागली तर बँडेज लगेच सोडावे. ओले बँडेज त्याच दिवशी बदलावे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो, म्हणून तिच्यामागे ५-६ मिलिलिटर पाणी द्यावे.

नव्या मांजराला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू जागेत वर्षभर टिकू शकतो आणि अल्कोहोलने मरत नाही. आधी घाण धुवून मग घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून १० मिनिटे ओले ठेवावे. वाळूचा ट्रे रोज साफ करावा. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक परजीवीची बीजे मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. गरोदर स्त्रियांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

पुढचा निर्णय : माणसाची ओळख मांजराला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात होते. ती न झालेले प्रौढ मांजर घरात सुखी होईलच असे नाही, आणि घाबरलेले पाळीव मांजरही पहिले चार-पाच दिवस फिस्कारते. म्हणून घाईत शिक्का मारू नये. रानटी मांजराला सहा आठवड्यांची कैद ही स्वतंत्र यातना आहे. त्याच्यासाठी रोज ड्रेसिंग लागणाऱ्या उपचारापेक्षा एकदाच पाय काढून टाकणे कधी कधी अधिक दयाळूपणाचे ठरते. तीन पायांचे मांजर आणि एका डोळ्याचे मांजर चांगले जगते. दोन्ही डोळे गेलेले, किंवा लघवीवर ताबा नसलेले, मोकळे सोडू नये. कणा तुटलेला, वेदना आवरत नाही आणि आयुष्यभराची शुश्रूषा करणारे कुणी नाही, तेव्हा दयामरण लांबवणे मांजरावर अन्याय करणारे आहे.

सोडण्याआधी नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असावी. नसबंदीची खूण म्हणून कानाचे टोक सरळ कापतात, म्हणजे ते पुन्हा विनाकारण पकडले जात नाही. सोडायचे ते पकडलेल्या जागीच, कोरड्या दिवशी, रहदारी नसताना, भूल उतरून किमान २४ तास झाल्यावर. ती जागाच धोक्याची असेल तर नव्या जागी दोन-तीन आठवडे बंदिस्त ठेवून तिथल्या माणसांच्या हातून खाणे द्यावे. नाहीतर मांजर जुन्या जागेच्या शोधात निघते. दार उघडून बाजूला व्हावे, हाकलू नये. तिथे रोज खाणे ठेवणाऱ्याने पुढचा आठवडाभर त्याची चाल, खाणे आणि टाक्यांची जागा लांबूनच पाहावी, आणि सापळा हाताशी तयार असू द्यावा.