ब्रॉन्कहोर्स्ट की स्टाव्हर्डन: वाद लोकसंख्येचा नाहीच

नेदरलँड्सला मुलांकडे जाऊन आलेल्या मंडळींचा एक फोटो ठरलेला असतो. विटांचा रस्ता, जुनी घरं, समोर पॅनकेकची बशी आणि खाली ओळ: ‘देशातलं सर्वांत छोटं शहर, ब्रॉन्कहोर्स्ट’. त्यावर कुणीतरी हटकून टोकतं, ‘छे, ते तर स्टाव्हर्डन!’ मग डोकी मोजली जातात. एकीकडे दीडशेच्या आसपास, दुसरीकडे जेमतेम चाळीस. स्टाव्हर्डन जिंकतं, वाद मिटतो आणि माझं डोकं दुखायला लागतं.

आधी दोघांची ओळख भरभर सांगते. ब्रॉन्कहोर्स्ट: गेल्डरलँड प्रांत, आयसेल नदीजवळ, शहराची सनद १४८२ ची. ब्रॉन्कहोर्स्ट सरदारांचा किल्ला होता, आता टेकाड उरलंय. स्टाव्हर्डनही गेल्डरलँडमध्येच, पण फेलुवेच्या रेताड माळरानात. सनद १२९८ ची. (फ्रिसलँडमधलं स्टाव्होरेन हे तिसरंच गाव. त्याला यात ओढू नका.)

गोची होते ती ‘शहर’ या शब्दापाशी. आपल्याला शहर म्हटलं की गर्दी आठवते. मध्ययुगातल्या डच माणसाला ‘स्टाड’ म्हटल्यावर आठवायची सनद. राजाने किंवा काउंटने (म्हणजे त्या मुलखावर राज्य करणाऱ्या सरदाराने) ती दिली की त्या वस्तीला आपलं न्यायपीठ मिळे, बाजार भरवता येई, जकात घेता येई, तटबंदी बांधता येई. डोकी किती, याच्याशी संबंध नाही. हेगचंच बघा. हॉलंडच्या काउंटांचा दरबार तिथे, पण शहराचा दर्जा नाही. तो नेपोलियनचा भाऊ, हॉलंडचा तेव्हाचा राजा लुई बोनापार्टने दिला, थेट १८०६ मध्ये. तोवर कागदोपत्री ते मोठं खेडंच! पुढे १८५१ च्या नगरपालिका कायद्याने शहर आणि खेडं हा कायदेशीर भेदच पुसून टाकला. त्यामुळे ‘आजचं अधिकृत सर्वांत छोटं शहर’ हे बिरुद ऐकलं की मला हसू येतं. देणारं ऑफिसच पावणेदोनशे वर्षांपूर्वी बंद झालंय.

म्हणून या दोघांत विचारायचं ते एवढंच, की सनद आधी आली की वस्ती?

स्टाव्हर्डनला सनद आधी आली. गेल्डरचा (म्हणजे जुन्या गेल्डरलँडचा) काउंट पहिला रायनाल्ड १२८८ मध्ये वोरिंगेनच्या लढाईत हरला होता, कर्जातही बुडाला होता. नवं शहर वसवणं म्हणजे त्या काळी बाजार, जकात, माणसं, थोडक्यात उत्पन्न. त्याने माळरानावर सनद दिली आणि शहर काही आलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. जवळच झाउडर झे या समुद्राच्या किनाऱ्यावर हार्डरवाइक होतं, १२३१ पासून सनद असलेलं बंदर. ते सोडून वाळूत दुकान मांडायला कोण जाईल? आज तिथे दिसतो तो एक वाडा, एक ओढा, पाणचक्की आणि पांढरे मोर. पांढरे शुभ्र, डौलात पिसारा ओढत हिरवळीवरून फिरणारे. काउंटांच्या शिरस्त्राणावर मोरपिसं असत म्हणून ते पाळले, असं सांगतात.

ब्रॉन्कहोर्स्टचं उलट. किल्ल्याच्या आडोशाने माणसं आधीच राहत होती, चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, १३४४ पासूनचं. सनदेचा शिक्का बसला तो नांदत्या वस्तीवर. नंतर ती वाढली नाही, पण गल्ल्या राहिल्या, घरं राहिली.

माझ्यापुरता निकाल स्पष्ट आहे. सर्वांत छोटं शहर ब्रॉन्कहोर्स्ट. स्टाव्हर्डन हे न झालेलं शहर. आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं, मोरांसाठी. ‘चाळीस लोकांचं शहर’ म्हणून तिथे जाऊन चौक शोधत हिंडू नका, चौक नाहीच.

एक शेवटची तक्रार. ब्रॉन्कहोर्स्ट नावाची नगरपालिकाही आहे, २००५ मध्ये पाच नगरपालिका एकत्र करून केलेली, छत्तीस हजारांच्या आसपास वस्तीची. तिच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक ‘सी’ जास्त असतो. देवनागरीत तो फरक उरत नाही, त्यामुळे आपल्याकडे गोंधळ दुप्पट. तिचं कार्यालय हेंगेलोत आहे, आणि तेही ओव्हरआयसेलमधलं मोठं हेंगेलो नव्हे, गेल्डरलँडमधलं छोटं.