राजाचं फर्मान आणि पार्लमेंटचा कायदा

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीबद्दल वाचताना ‘राजाने कायदा केला’ असं वाक्य सर्रास भेटतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. फर्मान वेगळं, कायदा वेगळा. दोन्ही राजाच्याच नावाने निघत, पण दोन्हींचा जोर सारखा नव्हता.

फर्मान राजा प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या खास सल्लागार मंडळाच्या सल्ल्याने काढायचा आणि ते गावोगावच्या बाजारात मोठ्याने वाचून दाखवलं जायचं. तातडीच्या कामाला ते सोयीचं. कायद्याला मात्र कॉमन्स आणि लॉर्ड्स ही पार्लमेंटची दोन सभागृहं आणि राजा अशा तिघांची संमती लागे.

हेन्रीला हा फरक पक्का ठाऊक होता. १५२५ मध्ये पार्लमेंटला वगळून पैसा उभा करायला गेला, तर सफोकमध्ये लोक उठले आणि मागणी सोडावी लागली. पुढे पोपशी संबंध तोडताना त्याने १५३३ आणि १५३४ मध्ये रीतसर कायदे करून घेतले. १५३९ च्या कायद्याने फर्मानांना कायद्याचं बळ दिलं, म्हणून काही जण त्याला हुकूमशहा ठरवतात. मला ते पटत नाही. ते बळ पार्लमेंटकडूनच घ्यावं लागलं, आणि फर्मानाने कुणाचा जीव किंवा मालमत्ता घेता येणार नाही, हेही त्यातच लिहिलं होतं. १५४७ मध्ये तो कायदा रद्द झाला.

खरा कस लागला १६१० मध्ये. पहिल्या जेम्सने लंडनमध्ये नवी घरं बांधायला आणि गव्हापासून कपड्यांची खळ बनवायला फर्मानाने बंदी घातली होती. हे चालतं का, असं एडवर्ड कोक या न्यायाधीशाला विचारलं गेलं. त्याने इतर न्यायाधीशांशी बोलायला वेळ मागून घेतला आणि मग सर्वांनी मिळून मत दिलं: असलेला कायदा पाळा, अशी ताकीद राजा फर्मानाने देऊ शकतो, पण काल जो गुन्हा नव्हता, तो आज फर्मानाने गुन्हा ठरवू शकत नाही. राजासमोर हे सांगायला छाती लागते.

म्हणून राजा दुबळा होता असं मात्र नाही. युद्ध, तह, परदेशी व्यापार ही खाती त्याच्याच हातात होती. दुसऱ्या चार्ल्सला लग्नाच्या तहात मिळालेली मुंबई त्याने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, ती पार्लमेंटच्या कायद्याने नव्हे, स्वतःच्या सनदेने.