पार्श्वभूमी : ‘मृग निघाला’ म्हणजे काय?

पावसाची नक्षत्रे कोणती, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घोळ होतो तो ‘मृग निघाला’ या शब्दांचा. 7-8 जूनला हे शब्द गावोगाव कानी पडतात, पण त्या दिवसांत मृगाच्या चांदण्या आकाशात दिसतच नाहीत. त्या पाहाव्यात हिवाळ्यातल्या रात्री. जूनमध्ये खुद्द सूर्यच त्या नक्षत्रात असतो आणि त्याच्या उजेडात त्या बुडून जातात. म्हणजे ‘निघाला’ हे सूर्याच्या मुक्कामाबद्दल आहे. त्याच्या वाटेचे 27 भाग म्हणजे 27 नक्षत्रे, एकेका भागात 13-14 दिवस. नक्षत्र पाऊस पाडत नाही. घरात छापील कॅलेंडर नव्हते तेव्हा पेरणीची तारीख त्यावरून कळायची. पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस ही नावे म्हणजे बांधावर उभे राहून केलेल्या नोंदीच आहेत, आणि त्यांना अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र नक्षत्र आणि पाऊस यांची ही सांगड अनादी नाही. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष फार हळू डोलत असल्याने, नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. सहाव्या शतकात, ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात साधारण तीन आठवडे आधी पोचत असे. तेव्हा मृगाच्या पावसाची वाट पाहणे कोकणातही घाईचे ठरले असते.

पंचांग पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून देते, त्या वाहनाची गोष्ट वेगळी. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की भरपूर पाऊस, असे पंचांग सांगते. हे वाहन ठरते सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, 9 ने भागून उरलेल्या बाकीवरून. त्यात ना वारा, ना समुद्राचे तापमान. त्याच्या भरवशावर बियाणे मातीत घालू नये.

2020 मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सरकारी पातळीवर बदलल्या. आधीच्या तारखा 1901 ते 1940 च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. मुंबईत पाऊस पोचण्याची तारीख 10 वरून 11 जून झाली, फरक एका दिवसाचा. परतण्याची मात्र 29 सप्टेंबरवरून थेट 8 ऑक्टोबरवर गेली. हवामान बदलले की मोजण्याची रीत, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण सूर्य हस्त नक्षत्रात असतो साधारण 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर. म्हणजे जुन्या तारखेप्रमाणे मुंबईत हस्ताचा, म्हणजे बोलीतला ‘हत्तीचा’, पाऊस जवळजवळ सगळाच मोसमाबाहेर पडत होता. शेतकऱ्याने तो कधीच मोसमाबाहेरचा मानला नाही. रब्बीची ओल त्याच पावसाच्या हिशेबावर धरली जाते.