तांबी का काढून टाकतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) एक आकडा खूप गाजला. रोजगार असलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ६६.३ टक्के स्त्रिया गर्भनिरोधनाची आधुनिक पद्धत वापरतात. रोजगार नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ५३.४ टक्के आहे. त्यावरून ‘कमावती बाई स्वतःचा निर्णय स्वतः घेते’ असा अर्थ लगेच काढला गेला. तो घाईचा आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे आधुनिक पद्धत म्हणजे बहुतेक वेळा बाईचं ऑपरेशन. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ५६.५ टक्के विवाहित स्त्रिया आधुनिक पद्धत वापरत होत्या आणि त्या ५६.५ मधले ३७.९ टक्के एकट्या स्त्री-नसबंदीचे. निरोध ९.५, गोळ्या ५.१, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) २.१ आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुष्कळ बायका मुलं जरा मोठी झाल्यावरच कामाला बाहेर पडतात, आणि तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असतं. आधी ऑपरेशन, मग नोकरी असा क्रम असेल, तर नोकरीमुळे गर्भनिरोधन वाढलं असं कसं म्हणणार? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

मला खरा प्रश्न पडतो तो तांबीच्या त्या २.१ टक्क्यांचा. सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवतात. ‘३८० ए’ प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. पहिल्या वर्षात शंभरातल्या एकीलाही दिवस जात नाहीत, आणि काढली की पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. रोज काही लक्षात ठेवायला नको. कामाच्या धबडग्यात असलेल्या बाईला याहून सोयीचं काय असेल? तरी ती कमी जणी बसवतात आणि बसवलेल्यांतल्याही बऱ्याच जणी काढून टाकतात.

यावर ‘अज्ञान’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. गैरसमज आहेतच. तांबी वर चढते, काळजात जाते, असं अजूनही ऐकू येतं. गर्भाशय ही जाड स्नायूंची पिशवी आहे आणि तिथून काळजाकडे जाणारी वाट नाही. बसवताना क्वचित, साधारण हजारात एखादीच्या बाबतीत, गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडतं. म्हणून तर नंतर तांबीचा दोरा जागेवर आहे का हे तपासायला बोलावतात. पण गैरसमज दूर केले तरी एक अडचण उरते. ती बाईच्या डोक्यात नसते, तांब्याच्या रसायनात असते.

तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लास्टिकचा सांगाडा. त्याच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि दोन्ही बाहूंवर तांब्याच्या नळ्या असतात. ३८० हा आकडा उघड्या तांब्याच्या चौरस मिलिमीटरचा आहे. गर्भाशयातल्या स्रावात हे तांबं अगदी सावकाश विरघळतं, दिवसाला शंभर मायक्रोग्रॅमहूनही कमी. आपण रोज अन्नातून एखाद-दोन मिलिग्रॅम तांबं घेतो, त्यापुढे हे किरकोळ आहे. पण गर्भाशयाच्या चिमूटभर जागेत तेवढं पुरतं. तांब्याचे आयन शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात आणि त्यांच्या डोक्यावरची विकरं (एन्झाइम) निकामी करतात. शिवाय गर्भाशयाला ही परकी वस्तू वाटत असल्याने तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात. जंतुसंसर्ग नसतो, तरी सूज असते. या पेशी शुक्रजंतूंना गिळतात. परिणामी बीजवाहिनीपर्यंत फारच थोडे शुक्रजंतू पोचतात. १९८०च्या दशकात तांबी बसवलेल्या स्त्रियांच्या बीजवाहिन्यांतून स्त्रीबीजं मिळवून तपासली गेली. त्यांत नेहमीसारखं वाढत असलेलं एकही फलित बीज सापडलं नाही. म्हणजे तांबी दर महिन्याला गर्भ पाडते हा समज चुकीचा आहे. तिचं मुख्य काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं.

पण जी सूज शुक्रजंतूंना अडवते, तीच पाळी बिघडवते. सुजलेल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात. त्यांतल्या काहींमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, काहींमुळे गर्भाशय आवळलं जातं आणि पोटात दुखतं. दुसरी भानगड गुठळीची. पाळीत अस्तर सुटतं तेव्हा उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बारीक गुठळ्यांनी बंद होतात. तांबीच्या सान्निध्यात प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर हे विकर वाढतं. ते प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं, प्लाझ्मिन गुठळीतल्या फायब्रिनच्या जाळ्याचे तुकडे करतं आणि बुजलेलं तोंड पुन्हा उघडतं. म्हणून प्रोस्टाग्लँडिन रोखणारी आयब्युप्रोफेन आणि गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ही दोन अगदी वेगळी औषधं या एकाच तक्रारीवर लागू पडतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांनंतर हा त्रास बऱ्याच जणींचा कमी होतो.

आता थोडं गणित. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. तांबीने ते दीडपट झालं तर २० मिलिलिटरपर्यंत जादा. हिमोग्लोबिन १२ असेल तर प्रत्येक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला ८ आणि वर्षाला शंभराच्या आसपास मिलिग्रॅम लोह जादा गेलं. धडधाकट बाईच्या शरीरात लोहाचा साठाच जेमतेम तीनशे मिलिग्रॅम असतो. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्या खात्यात मुळात शिल्लकच नाही. तांबीसोबत लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

हे वीस मिलिलिटर म्हणजे चार चमचे. घरात असताना ते सोसता येतात. पण बारा तासांत एकदा शौचालयाला जायला मिळणाऱ्या बाईला, किंवा आडोसाच नसलेल्या फडात ऊस तोडणाऱ्या बाईला? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. पोट दुखतंय म्हणून सावलीत बसायची सोय तिथे नसते. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ साली समोर आलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीची कटकटच नको, अशा ठिकाणी माणसं पोचतात तेव्हा त्यांना नुसतं ‘अज्ञानी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पाळी लांबली, थोडं थोडं रक्त येत राहिलं, तर घरातही विटाळ पाळला जातो: स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. पाळीच्या रक्तात अपवित्र असं काहीही नाही. ते गर्भाशयाचं अस्तर आणि नेहमीचं रक्त आहे. पण ही शिवाशिव जिथे आहे, तिथे आठ दिवस चालणारी पाळी म्हणजे आठ दिवसांची शिक्षा होते, आणि मग तांबी निघते.

बाकीच्या पद्धतीही अशाच कामाच्या घड्याळावर घासून पाहाव्या लागतात. रोजची गोळी चोख घेतली तर वर्षात हजारात तिघींनाच दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात मात्र शंभरात सात जणींना. फरक गोळीतला नाही, विसरण्यातला आहे. रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून पालटून करणाऱ्या परिचारिकेला किंवा कॉल सेंटरमधल्या मुलीला ‘रोज रात्री जेवणानंतर’ या सूचनेचा उपयोग काय? लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. शरीरात तिचं प्रमाण निम्म्यावर यायला जवळपास आठवडा लागतो, म्हणून हे जमतं. आपल्याच देशात झालेलं हे संशोधन आपल्याच बायकांना फारसं माहीत नाही, याची मला खंत वाटते. रक्तस्राव उलट कमी करणारी, संप्रेरक सोडणारी तांबीही मिळते, पण खासगी डॉक्टरांकडे तिला काही हजार रुपये मोजावे लागतात.

पुरुष नसबंदी सगळ्यांत साधी. पण ‘अंगमेहनतीचं काम आहे, कमजोरी येईल’ असं म्हणून ती टाळली जाते. या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद होते. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्याचा या नळीशी संबंध नाही. ताकद कमी होत नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटाच मुळात काही टक्क्यांचा असतो. तरीही गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्याची चिंता करू नये, असं याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी म्हटलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षं होत असतानाचा हा आकडा आहे.

कायदा ऑपरेशनला रजा देतो. प्रसूती लाभाच्या तरतुदींत स्त्री-नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत बाईला १४ आणि पुरुषाला ७ दिवस पूर्ण वेतनाइतका लाभ मिळतो. पण तांबीमुळे दोन महिने पाळीत हाल झाले तर त्यासाठी वेगळी रजा नाही. आणि आपल्या देशातल्या बहुसंख्य कामकरी बायका असंघटित क्षेत्रात आहेत; त्यांना यातलं काहीच लागू नाही.

२०१६ नंतर सरकारी योजनेत ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आलं. सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, पण वर्षभरात साधारण निम्म्या जणींची पाळी थांबते. ‘रक्त आत साठून राहतं’ ही भीती खोटी आहे. अस्तर वाढतच नाही, त्यामुळे बाहेर पडायलाही काही नसतं. फडावर जाणाऱ्या बाईला हे सोयीचं वाटू शकतं. फक्त तारखा पाहायला हव्यात. दिवाळीच्या सुमारास गाव सोडताना इंजेक्शन घेतलं, तर पुढचं माघात येतं. चार आठवडे उशीर चालतो, पण हंगाम त्याहून लांबतो. म्हणजे दुसरा डोस कारखान्याच्या तळाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मिळायला हवा, तोही गावी मिळालेल्या इंजेक्शनच्या कार्डावर, आणि खाडा न पडता जाऊन येण्याइतक्या अंतरावर.